स्वस्त डिजिटल स्कोपचा ग्राउंड नॉइज कसा तपासायचा

नवा डिजिटल ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारा स्कोप, घरी आणला, प्रोब (मोजायची टोकदार तार) जोडला, व्होल्ट-डिव्हिजनचं बटण (पडद्यावरचं एक उभं घर किती व्होल्टचं ते ठरवणारं) अगदी खालपर्यंत फिरवलं आणि बारीक सरळ रेघेऐवजी जाड केसाळ पट्टा दिसला, की माल खराब निघाला असं वाटतं. बऱ्याचदा तसं नसतं. त्या पट्ट्यात तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. स्कोपच्या आतल्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज (नको असलेली खळबळ), प्रोब आणि त्याच्या ग्राउंड तारेनं हवेतून पकडलेला नॉइज, आणि अर्थिंग, ॲडॅप्टर, यूएसबी केबल अशा तारांवाटे आलेला नॉइज. या तिन्ही वेगळ्या केल्याशिवाय स्कोपला दोष देता येत नाही आणि समोरच्या सर्किटलाही. म्हणून तपासणी आतून बाहेर करत जायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

कोल्हापुरात ही तपासणी जास्त गरजेची आहे. शिवाजी उद्यमनगरात राहत्या घराच्या भिंतीला लागून लेथ, मिलिंग आणि वेल्डिंग चालतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्यांच्या इंडक्शन भट्ट्या आहेत. पेठांतल्या जुन्या घरांत सॉकेट तीन पिनचं बसवलेलं असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागं तारच नसते. अशा ठिकाणी स्कोपच्या पडद्यावर अर्धा परिसर दिसतो, आणि हे माहीत नसलेला नवा माणूस आपल्या सात-आठ पार्टच्या सर्किटमध्ये चूक शोधत बसतो.

आधी अर्थिंग

ही पायरी टाळू नका. टेबलावर ठेवायच्या, तीन पिनच्या स्कोपमध्ये बीएनसी सॉकेटचं (प्रोब जिथं जोडतात त्या गोल सॉकेटचं) बाहेरचं धातूचं कवच थेट अर्थ पिनला जोडलेलं असतं. म्हणजे प्रोबची ग्राउंड क्लिप हीच घराच्या अर्थिंगची तार. ती क्लिप फेजला किंवा चार्जरच्या मेन्सकडच्या बाजूला लावली तर शॉर्ट सर्किट होतं, मोठी ठिणगी उडते आणि प्रोब जळतो, कधी स्कोपही. चॅनेल दोन असोत की चार, सगळ्यांची ग्राउंड आतून एकच आहे हेही लक्षात ठेवा.

मल्टिमीटर एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवून सॉकेट तपासा. फेज ते न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढाच, आणि न्यूट्रल ते अर्थ एखाद-दोन व्होल्ट, असं दिसलं तर ठीक. फेज ते अर्थ शंभराच्या घरात आणि आकडा तरंगत असेल, तर अर्थची तार बहुधा तुटलेली आहे किंवा नाहीच. डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स खूप जास्त असल्यानं असे भुताटकीचे आकडे येतात. खात्री करायची तर वायरमनकडून टेस्ट लॅम्प लावून घ्या. फेज आणि अर्थमध्ये बल्ब पूर्ण उजेडात पेटला पाहिजे. घरात आरसीसीबी (अर्थला करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो त्या क्षणी ट्रिप होईल, आणि तसं होणं बरोबरच आहे.

न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज घरात लोड चालू असतानाही पक्कं शून्य येत असेल, तर सॉकेट उघडून बघायला सांगा. काही ठिकाणी अर्थ पिन न्यूट्रललाच वायरच्या तुकड्यानं जोडलेली सापडते. तसं असेल आणि मागं कुठं न्यूट्रल तुटला, तर स्कोपचं कवच आणि तुमच्या हातातली ग्राउंड क्लिप दोन्हींवर फेज येतो. अशा सॉकेटवर स्कोप लावायचाच नाही.

मीठ-कोळशाची जुनी अर्थिंग असेल तर एप्रिल-मेमध्ये माती वाळते आणि तिचा रेझिस्टन्स चढतो. जुना वायरमन आल्या आल्या पहिलं विचारतो, "खड्ड्यात पाणी कवा घातलंयसा?" तो प्रश्न अगदी बरोबर असतो. पाणी घालून दुसऱ्या दिवशी परत मोजा.

नॉइज कमी होतो म्हणून स्कोपची अर्थ पिन कापा, असं सांगणारा कुणी ना कुणी भेटेल. त्याचं ऐकू नका. रेघ बारीक झाली तरी बीएनसीचं कवच आणि क्लिप यांवर काय व्होल्टेज बसलंय ते तुम्हाला कळणार नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या हातातल्या स्कोपची ग्राउंड तरंगती असते, त्यामुळं अर्थिंगचा नॉइज त्यात फारसा येत नाही. पण क्लिप चुकून फेजवर लागली तर बीएनसीचं उघडं धातूचं कवच करंट मारतं, कारण बोट लागायला तेच समोर असतं. बॅटरीवाला म्हणून मेन्सवर वापरायचा नाही.

स्कोपचा स्वतःचा नॉइज

किराणा दुकानात सुटं तेल मोजताना आधी भांड्याचा धडा करतात. इथंही तेच करायचं.

स्कोप चालू करून वीस-तीस मिनिटं तापू द्या. प्रोब काढून टाका आणि मेन्यूतलं सेल्फ कॅलिब्रेशन एकदा चालवा. मग एक बीएनसी मेल कनेक्टर घ्या, मधली पिन आणि बाहेरचं कवच सेंटिमीटरपेक्षा लहान तारेनं सोल्डर करून जोडा आणि तो चॅनेल एकला लावा. तयार 50 ओहमचा टर्मिनेटर असेल तर तोही चालतो. आता इनपुटवर बाहेरून काहीच येत नाही, त्यामुळं जे दिसेल ते जवळजवळ सगळं स्कोपचंच.

सेटिंग अशी ठेवा. चॅनेलचं प्रोब सेटिंग 1एक्स, कपलिंग डीसी, बँडविड्थ (किती उच्च फ्रिक्वेन्सीपर्यंत दिसतं ती मर्यादा) पूर्ण, ॲक्विझिशन नॉर्मल, ट्रिगर (रेघ कधी सुरू करायची ते) ऑटो, टाइमबेस (एक आडवं घर किती वेळाचं ते) 1 मिलिसेकंद. प्रोब सेटिंग 10एक्सवर (सिग्नलचा दहावा हिस्सा करणाऱ्या प्रोबसाठीचं) राहिलं तर पडद्यावरचा प्रत्येक आकडा दहापट दिसतो. नव्या लोकांच्या निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

आता व्होल्ट-डिव्हिजन मोठ्या रेंजपासून खाली आणत जा आणि प्रत्येक ठिकाणी पीक-टू-पीक (सगळ्यात वरच्या टोकापासून सगळ्यात खालच्या टोकापर्यंत) आणि आरएमएस (एक प्रकारची सरासरी) असे दोन आकडे वहीत लिहा. आरएमएस घेताना मेन्यूत एसी आरएमएस किंवा स्टँडर्ड डेव्हिएशन असा पर्याय असेल तर तो निवडा, नाहीतर रेघ शून्यापासून जरा वर-खाली असली तरी तो ऑफसेट आकड्यात मिसळतो. पीक-टू-पीकवर फार विसंबू नका. स्कोप जितका जास्त वेळ बघेल तितकं एखादं मोठं टोक सापडायची शक्यता वाढते आणि आकडा फुगत जातो. निव्वळ यादृच्छिक नॉइजमध्ये पीक-टू-पीक हा आरएमएसच्या साधारण सहा-सात पट भरतो. त्याहून खूप जास्त भरला तर आत काहीतरी ठरावीक वेळानं टोचतंय असं समजा, बहुधा स्कोपच्याच पॉवर सप्लायचं स्विचिंग किंवा पडद्याच्या बॅकलाइटचा ड्रायव्हर.

मोठ्या रेंजवरचा आकडा बघून घाबरू नका. स्वस्त स्कोपमध्ये बहुतेक 8 बिटचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) असतो, म्हणजे सगळ्या पडद्याच्या उंचीला 256 पायऱ्या. 100 मिलिव्होल्ट-डिव्हिजनवर आठ घरांची उंची 800 मिलिव्होल्ट झाली, तर एक पायरी सुमारे 3 मिलिव्होल्टची. तिथं रेघ एक पायरी वर-खाली झाली तरी 3 मिलिव्होल्ट नॉइज दिसणारच. तो एडीसीच्या पायरीचा आकार आहे. 5 मिलिव्होल्ट-डिव्हिजनवर तीच पायरी सुमारे 0.16 मिलिव्होल्टची होते, आणि खरा नॉइज तिथं दिसायला लागतो.

याच वेळी कान उघडे ठेवा. रेंज बदलताना काही ठिकाणी आतल्या रिलेचा बारीक "टिक्" ऐकू येतो. तिथं खरोखर वेगळा अटेन्युएटर (सिग्नल लहान करणारा भाग) लागला. अगदी खालच्या एक-दोन रेंजवर बऱ्याच स्वस्त स्कोपमध्ये काहीच नवीन लागत नाही, वरच्या रेंजचंच चित्र सॉफ्टवेअरनं ताणून दाखवतात. ओळख सोपी आहे. रेघेच्या पायऱ्या ठळक दिसायला लागतात आणि मिलिव्होल्टमधला नॉइज आधीच्या रेंजइतकाच राहतो. तसं असेल तर ती रेंज आपल्या हिशोबात धरायची नाही.

मग 20 मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू करून तेच आकडे पुन्हा घ्या. नॉइज चांगला उतरला तर तो बराचसा उच्च फ्रिक्वेन्सीचा होता. दुसरा चॅनेल चालू-बंद करून पहिल्यावर फरक पडतो का तेही बघा. ॲव्हरेजिंग या टप्प्यावर वापरू नका. ते चित्र सुंदर करतं आणि आपल्याला तर घाण बघायची आहे.

हे आकडे कायम जपून ठेवा, कारण पुढं हिशोब लागतो. एकमेकांशी संबंध नसलेले नॉइज सरळ बेरीज होत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. स्कोपचा स्वतःचा 0.3 मिलिव्होल्ट आरएमएस आणि सर्किट जोडल्यावर 0.5 दिसला, तर सर्किटचा खरा 0.4 आहे, 0.2 नव्हे.

प्रोबची तार काय पकडते

शॉर्टिंग कनेक्टर काढा, प्रोब लावा. प्रोबवरचं बटण आणि मेन्यू दोन्ही 1एक्सवर ठेवा. प्रोबचं टोक मोकळं सोडून त्याला बोट लावा. टाइमबेस 5 मिलिसेकंद केला की मोठी लाट दिसेल आणि तिची एक फेरी बरोबर चार घरांत बसेल. चार घरं म्हणजे 20 मिलिसेकंद, म्हणजे 50 हर्ट्झ. भिंतीतल्या वायरिंगचं हे विद्युत क्षेत्र तुमच्या शरीरानं उचललेलं आहे. ही लाट ओळखीची करून घ्या. मोकळ्या टोकावर ती दिसणं हा कुणाचाच दोष नाही.

आता टोक प्रोबच्याच ग्राउंड क्लिपला लावा. नव्या माणसाला वाटतं शॉर्ट केलं, आता शून्य यायला पाहिजे. पण टोक, क्लिप आणि ती पंधरा सेंटिमीटरची काळी तार मिळून एक वेटोळं तयार झालं, आणि वेटोळं म्हणजे चुंबकीय क्षेत्र पकडणारी अँटेना. हे वेटोळं हातात धरून चालू मोबाइल चार्जरजवळ न्या. रेघेवर टोकदार काटे उगवतात. वेटोळं नव्वद अंशांत फिरवलं की काटे लहान-मोठे होतात. लांब नेलं की जातात. तारेला काहीही न जोडता नॉइज आला आणि गेला, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढं ग्राउंडची तार लांब ठेवायचं धाडस होत नाही.

यानंतर काळी तार काढून टाका. प्रोबच्या टोकावरची प्लॅस्टिकची टोपी ओढून काढली की आत धातूची कडी दिसते. ती ग्राउंडच आहे. प्रोबसोबत पिशवीत आलेली छोटी स्प्रिंग तिच्यावर बसते. स्प्रिंग नसेल तर जुन्या रेझिस्टरची कापलेली पायाची तार कडीभोवती दोन वेढे देऊन तिचं टोक पुढं काढा. प्रोबचं टोक आणि ही स्प्रिंग एकाच तांब्याच्या तुकड्यावर टेकवा आणि पुन्हा आकडे घ्या. शॉर्टिंग कनेक्टरच्या आकड्यांच्या जवळ आले तर प्रोब ठीक आहे, आणि आधी दिसणारा जास्तीचा नॉइज लांब तारेचा होता.

लांब तारेचा आणखी एक उपद्रव आहे. तारेच्या दर मिलिमीटरला साधारण 1 नॅनोहेन्री धरला तर 15 सेंटिमीटरला 150 नॅनोहेन्री होतात. 10एक्स प्रोबच्या टोकाची कपॅसिटी 15 पिकोफॅराड धरा. दोन्ही मिळून सुमारे 100 मेगाहर्ट्झला रेझोनन्स येतो. म्हणून जलद कडा असलेल्या सिग्नलवर जी थरथर दिसते ती अनेकदा सर्किटमध्ये नसतेच. उलट, 1एक्सवर ठेवलेल्या साध्या प्रोबची बँडविड्थ जेमतेम 6 मेगाहर्ट्झच्या आसपास असते. त्यामुळं छोटा, मंद नॉइज मोजायला 1एक्स चांगलं आणि जलद काटे बघायला 10एक्स, स्प्रिंगसकट.

तारांवाटे येणारा नॉइज

खरा ग्राउंड नॉइज इथं सापडतो. एखादं साधं सर्किट घ्या, समजा 7805 वर (5 व्होल्टच्या रेग्युलेटरवर) चालणारा छोटा बोर्ड किंवा ॲडॅप्टरवर चालणारा मायक्रोकंट्रोलर. क्लिप सर्किटच्या ग्राउंडला लावा आणि प्रोबचं टोकही त्याच ग्राउंडच्या त्याच ठिकाणी टेकवा. दोन्ही एकाच बिंदूवर आहेत, म्हणजे मोजायला काहीच नाही. तरीही आधी टोक-क्लिप हवेत जोडून आलेल्या आकड्यापेक्षा नॉइज वाढला, तर सर्किट आणि स्कोप यांच्यामध्ये ग्राउंडच्या तारेतून करंट वाहतोय. अख्ख्या लेखातली एकच चाचणी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

तो करंट कुठून येतो? दोन पिनच्या स्विचिंग ॲडॅप्टरमध्ये मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो, त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. त्यामुळं अशा ॲडॅप्टरचं आउटपुट अर्थच्या तुलनेत तरंगत असतं, मल्टिमीटरवर शंभरेक व्होल्टही दिसतात, पण करंट मिलिअँपिअरच्याही अंशात असतो. लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवरून हात फिरवताना येणारी झिणझिण हीच. तुम्ही स्कोपची क्लिप लावली की या करंटला अर्थला जायला वाट मिळते, आणि त्यासोबत ॲडॅप्टरच्या स्विचिंगचे काटेही त्याच काळ्या तारेतून जातात.

दुसरं कारण ग्राउंड लूप. स्कोप एका सॉकेटवर, बेंच पॉवर सप्लाय दुसऱ्यावर, बोर्ड यूएसबीनं डेस्कटॉपला जोडलेला. तिघांची अर्थ तार वेगवेगळ्या वाटेनं जाते आणि तुमच्या सर्किटच्या ग्राउंडवर येऊन भेटते. मोठं वेटोळं तयार होतं आणि त्यात 50 हर्ट्झ आणि त्याचे हार्मोनिक (त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी) फिरतात.

शोधायची रीत सोपी आणि वेळखाऊ आहे. एकेक वाट तोडत जायचं आणि प्रत्येक वेळी आकडा लिहायचा. आधी यूएसबी केबल काढा. मग ॲडॅप्टर काढून सर्किट पॉवर बँकेवर चालवा. मात्र पॉवर बँकेतही स्विचिंग कन्व्हर्टर असतो, त्यामुळं 7805 असेल तर 9 व्होल्टची साधी बॅटरी अधिक स्वच्छ. स्कोप लॅपटॉपवर चालणारा यूएसबी प्रकारचा असेल तर लॅपटॉपचा चार्जर उपसून बघा. पुष्कळदा पट्टा एकदम निम्म्यावर येतो. मग खोलीतले एलईडी दिवे बंद, पंख्याचा जुना रेग्युलेटर बंद, इन्व्हर्टर बंद. वीज जाते तेव्हा बॅटरीवाल्या स्कोपवर पटकन एक आकडा घेऊन ठेवा. घरात आणि शेजारी सगळं शांत असतानाचा आकडा असा आयता मिळतो. उद्यमनगरात राहणाऱ्यांनी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एकदा आणि कामाच्या दिवशी सकाळी अकराला एकदा मोजावं.

नॉइजची चाल बघून त्याचं गाव ओळखता येतं. 20 मिलिसेकंदांची फेरी असेल तर वायरिंगचा किंवा लूपचा 50 हर्ट्झ. 10 मिलिसेकंदांची असेल तर रेक्टिफायरचा 100 हर्ट्झचा रिपल. दर 10 मिलिसेकंदांनी एकच टोकदार काटा असेल तर ट्रायॅकचा डिमर किंवा पंख्याचा रेग्युलेटर. काही किलोहर्ट्झचं दाट टोचणं, शेजारी सीएनसी किंवा लिफ्ट चालू असताना येणारं, हे व्हीएफडी ड्राइव्हचं (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राचं). 8 ते 15 मायक्रोसेकंदांनी येणारे काटे मोबाइल चार्जरसारख्या एसएमपीएसचे (स्विचिंग पॉवर सप्लायचे). मोठ्या थ्री-फेज रेक्टिफायरमुळं, म्हणजे ड्राइव्ह आणि भट्ट्यांमुळं, पाचवा आणि सातवा हार्मोनिक वाढतो, तो एफएफटीमध्ये (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या दाखवणाऱ्या मेन्यूत) 250 आणि 350 हर्ट्झला दिसतो. स्कोपमध्ये एसी लाइन ट्रिगर असेल तर तो निवडा. नॉइज पडद्यावर स्थिर उभा राहिला तर तो मेन्सशी बांधलेला आहे, सरकत राहिला तर नाही.

एफएफटी लावताना टाइमबेस मोठा ठेवा, नाहीतर 50 हर्ट्झ वेगळा दिसणारच नाही. 50 मिलिसेकंद-डिव्हिजनवर बारा घरांचा पडदा म्हणजे 0.6 सेकंद, आणि त्यातून मिळणारा बारकावा सुमारे 1.7 हर्ट्झ.

मेमरी कमी असलेल्या, स्वतः जोडायच्या किट स्कोपवाल्यांना इथं एक धोका आहे. हजारभर पॉइंटची मेमरी आणि 60 मिलिसेकंदांचा पडदा म्हणजे सेकंदाला सुमारे 17 हजार सॅम्पल. 65 किलोहर्ट्झचा चार्जर नॉइज त्यात मावत नाही आणि खोट्या, मंद लाटेचं रूप घेऊन येतो. त्या लाटेला कुणीही 50 हर्ट्झ समजेल. म्हणून टाइमबेस एक पायरी बदलून बघा. लाटेची फ्रिक्वेन्सी बदलली तर ती खोटी.

काय करून उतरतो

स्कोप, पॉवर सप्लाय आणि कॉम्प्युटर एकाच चांगल्या अर्थ असलेल्या सॉकेटवरच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. लूप लहान होतो. बहुतेकांच्या टेबलावर यानंच सगळ्यात मोठा फरक पडतो आणि खर्च काहीच येत नाही. दुसरा उपाय फेराइट (केबलवर बसणारी चुंबकीय पदार्थाची कडी). प्रोबच्या केबलचे दोन-तीन वेढे स्कोपजवळ क्लिप-ऑन फेराइटमधून काढा. ग्राउंडवाटे येणारे स्विचिंगचे काटे त्यानं दबतात. 50 हर्ट्झवर त्याचा काही उपयोग होत नाही.

यूएसबी स्कोप असेल तर यूएसबी आयसोलेटर (दोन बाजूंमधला विजेचा थेट संबंध तोडणारा) चालतो, पण एडीयूएम4160 चिपवाले स्वस्त आयसोलेटर सेकंदाला 12 मेगाबिटच्या वेगापर्यंतच चालतात. जलद यूएसबीवर चालणारा स्कोप त्यावर मंद होतो किंवा ओळखलाच जात नाही. आणि आयसोलेटर लावला म्हणून मेन्स मोजायला जाऊ नका. दोन चॅनेल असतील तर दोन्ही प्रोब सर्किटवर ठेवून मॅथ मेन्यूत वजाबाकी करणं हा आणखी एक मार्ग. त्यात दोन्ही चॅनेलचा स्वतःचा नॉइज मिसळतो, म्हणून अगदी छोट्या सिग्नलला तो उपयोगी नाही. फेराइट, बीएनसी कनेक्टर असल्या वस्तू गावात नाही मिळाल्या तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हमखास मिळतात.

स्कोप परत करायचा का

निर्णय फक्त शॉर्टिंग कनेक्टर लावून घेतलेल्या आकड्यांवर घ्या. या किमतीच्या स्कोपमध्ये सगळ्यात खालच्या खऱ्या रेंजवर, पूर्ण बँडविड्थला, काहीशे मायक्रोव्होल्टपासून एक-दोन मिलिव्होल्टपर्यंत पीक-टू-पीक नॉइज दिसणं नेहमीचं आहे. त्याच्या कितीतरी पट असेल, दोन चॅनेलमध्ये मोठी तफावत असेल, किंवा इनपुट शॉर्ट असूनही ठरावीक वेळानं मोठे काटे येत असतील, तर तक्रार करायला जागा आहे. आधी स्कोप दुसऱ्या घरी, खात्रीच्या अर्थिंगवर, एकदा लावून बघा. कॉलेजची लॅब ओळखीची असेल तर फारच उत्तम, तिथं शेजारी दुसरा स्कोप ठेवून तुलनाही होते.

विक्रेत्याला फोटो पाठवताना बीएनसीला लावलेला शॉर्टिंग कनेक्टर आणि पडदा एकाच चौकटीत घ्या. पडद्यावर व्होल्ट-डिव्हिजन, टाइमबेस, प्रोब सेटिंग 1एक्स, बँडविड्थ लिमिट चालू की बंद आणि आरएमएसचा आकडा हे सगळं वाचता आलं पाहिजे. दोन्ही चॅनेलचे वेगवेगळे फोटो घ्या आणि सोबत अर्थिंगचे तीन व्होल्टेज आकडे लिहून पाठवा.